मंदा, त्या थपडेचं काय करू?

मंदा, तुझ्या तेराव्याच्या पंगतीतून मी उठले. पानात भात तसाच टाकून उठले. तेराव्याचं पान सोडून उठणं म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान, हे मला कोणी शिकवायला नको. तुझ्या जावेने नंतर चार बायकांत ते बोलूनही दाखवलं. पण मला बसवेना. मांडवात सगळे तुझ्या थपडेचं कौतुक करत होते. "काय सणसणीत वाजवली होती गं मंदाबायने त्या सचिनच्या!" "अख्ख्या गल्लीत आवाज गेला." "वाघीण होती, वाघीण." मधून कोणीतरी "अरे, इकडे जिलेबी आण" म्हणून ओरडत होता. ज्या थपडेपायी तू आज नाहीस, तिची लोक जेवता जेवता मजा घेत होते.

आणि पंगतीला बसण्याआधीच तुझ्या विनायकने मला हात धुवायच्या पिंपाजवळ गाठलं होतं. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. हात जोडून म्हणाला, "मावशी, जबाबात थपडेचं येऊ देऊ नका. वकील म्हणतो, आईने आधी हात उचलला हे एकदा आलं की केस ढिली पडते. तेवढंच धरून सचिन खुनाच्या कलमातून सुटून हलक्या कलमावर येईल."

म्हणजे मांडवात थप्पड हवी आणि कोर्टात नको. पोराची आई गेलेली, त्याच्याशी काय वाद घालायचा? वाद तुझ्याशी आहे. तो अर्धा राहिला म्हणून हे लिहायला बसले आहे.

कागदोपत्री मी अंगणवाडीची सेविका आणि तू माझी मदतनीस. म्हणजे मी वरची, तू खालची. प्रत्यक्षात दिंडोशीच्या त्या टेकडीवर मला ओळखणारं कुत्रं नव्हतं आणि तुला न ओळखणारं मांजर नव्हतं. मुलांसमोर तू मला 'बाई' म्हणायचीस, मुलं गेली की 'रजू'. चिडलीस की मालवणीत जायचीस, मग मला अर्धंच कळायचं आणि ते बरंच असायचं. सकाळी तू गल्लीगल्लीतून फिरून मुलं गोळा करायचीस. कोणाचं नाक पूस, कोणाची चड्डी बदल, कोणाच्या झोपलेल्या आईला दारावर लाथ मारून उठव. त्या चढणीच्या पायऱ्यांवरून मुलांची रांग घेऊन तू वर यायचीस तेव्हा तुझा आवाज आधी यायचा, मुलं मागून.

सरकारने आपल्याला काय दिलं होतं? भाड्याची एक खोली, वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, सतरंज्या, बचत गटाकडून येणारा खिचडीचा डबा आणि एक मोबाइल. एवढ्यावर आपण काय करायचं, तर जी मुलं पहिलीत जायच्या आधीच मागे पडणार हे ठरलेलं असतं, त्यांना जरा पुढे ढकलायचं. रंग ओळखायला, दहा आकडे म्हणायला, पेन्सिल धरायला, रांगेत बसायला, आणि स्वतःचं नाव मोठ्याने सांगायला शिकवायचं. मी याला शिक्षण म्हणायचे. तू म्हणायचीस, "पोटात काय तरी जांवदे, मग तुझा शिक्षण." यावरही आपण भांडलो आहोत.

पण एका गोष्टीत मी तुझ्यापुढे कायम हात टेकले. ती तुझी सुट्टीची पद्धत. दुपारी मुलं न्यायला कोणी आलं की तू दारात आडवी. आईआज्यांना सरळ सोडायचीस. पुरुष आला, बाप असो, काका असो, की तुझं ठरलेलं: "नाव घे." लग्नात नवरानवरीला नाव घ्यायला लावतात तसं. मुलाचं अख्खं नाव, मोठ्याने, तोंड उघडून, तुझ्या नाकासमोर. लोकांना वाटायचं मंदाबाय गंमत करते. तू वास घेत असायचीस. दारूचा भपकारा आला की मूल द्यायचं नाही, जा, आईला पाठव. कुठल्या सरकारी पुस्तकात हा नियम नव्हता. तुझं डोकं.

बाप लोकही बिलंदर. तो रिक्षावाला आठवतो ना, श्रेयाचा बाप? घरून जुळवूनच यायचा. "वड्यावर चटणी, चटणीवर मीठ, श्रेयाचं नाव घेतो, मंदाबाय, वास घ्या नीट!" आपण दोघी सतरंजीवर बसून पोट धरून हसलो होतो. त्या दिवसापासून तो नियम वस्तीत मान्यच होऊन गेला. आपल्या खोलीच्या दारात दारू प्यायलेला बाप येईना झाला. बायका मला येऊन सांगायच्या, निदान दुपारचा तरी शुद्धीवर राहतो. यासाठी मला कोणी शाबासकी दिली तर मी ती मुकाट घ्यायचे, आणि तू पदराआड हसायचीस.

मग आरोही आली. चार वर्षांची, आणि तोंडातून शब्द नाही. मुकी नव्हती. तिला बोलायचं नव्हतं. बाप सचिन टेम्पो चालवायचा. आई कविता घरी बसून खोट्या दागिन्यांचे खडे चिकटवायची, कडेवर तान्हं. मी आरोहीला चित्रं दाखवायचे, हा हत्ती, हे झाड. ती चित्राकडे बघायचीच नाही, माझ्या हाताकडे बघायची. हात वर गेला की मान खांद्यात. मी पानं उलटायचेसुद्धा हळू.

तान्ह्याचा कोरडा शिधा न्यायला कविता आली होती तो दिवस आठवतो? आता शिधा द्यायचा तर मोबाइलने आईचा चेहरा ओळखावा लागतो. मी मोबाइल धरला, तो काही ओळखेना. पुन्हा धरला, उजेडात नेलं, पदर काढायला लावला. चेहरा जुळत नाही. पदर काढला तेव्हा कळलं का जुळत नाही ते. डावा डोळा मिटलेला, गाल सुजून कानापर्यंत गेलेला. "जिन्यावरून पडले बाई," ती म्हणाली. तू शिध्याची पिशवी तिच्या हातात कोंबलीस आणि ती गेल्यावर म्हणालीस, "मोबाइलाक कळला, पण ह्या वस्तीक कळना नाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वजन करताना मी आरोहीचा फ्रॉक वर केला. पाठीवर पट्ट्याचे वळ. काही जुने, काळे पडलेले. काही ताजे, त्यांना कापड चिकटलेलं. मोबाइलात वजनाला रकाना आहे, उंचीला आहे, दंडाच्या घेराला आहे. पाठीला नाही. मी वर कळवलं. मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. माणसं आलीसुद्धा, चांगली होती बिचारी. कविताने त्यांना सांगितलं, मुलगी जिन्यावरून पडली. आईच असं म्हणते म्हटल्यावर त्यांचंही पुढे काही चालेना. ते पुन्हा येतो म्हणून गेले. मी म्हणत होते, धीर धर, येतील, कागद लागला आहे. तू काही बोलली नाहीस. तू बोलत नव्हतीस तेव्हाच मला कळायला हवं होतं असं लोक म्हणतात. मला कळलं होतं. तुला अडवणं माझ्या बापालाही जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सचिन मुलीला न्यायला आला. प्यायलेला नव्हता. केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. तू म्हणालीस, "नाव घे." त्याने हसत हसत घेतलं. "आरोही सचिन..." पुढचं त्याला म्हणताच आलं नाही. तुझा हात इतका जोरात बसला की त्याचा चष्मा पायऱ्यांवरून खाली गेला. वर म्हणालीस, "ह्या तिच्या पाठीसाठी." गल्लीतल्या नळावरच्या बायका भांडी टाकून बघायला लागल्या. तो गालाला हात लावून उभा. चारचौघांत बाईने मारलेला पुरुष कसा दिसतो ते मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मंदा, मला भीती वाटली. तुला नाही. तू आत येऊन सतरंज्या झटकायला लागलीस.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणाले, "तू त्याला नाही मारलंस. तू कविताला मारलंस. आज रात्री हिशेब तिच्या अंगावर निघणार." तू म्हणालीस, "मगे काय त्येची आरती करू?" मी म्हणाले, "इथे मुलांना रोज काय शिकवतो आपण? हात मारायला नसतात. आणि तू त्यांच्या डोळ्यांदेखत..." तू झाडू आपटलास. तेव्हा जे बोललीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. गिरणी बंद पडल्यावर तुझा बाप घरी बसला आणि तुझ्या आईला मारायला लागला. चाळीत एवढी बिऱ्हाडं, सगळे गिरणीतले, सगळे ओळखीचे, गणपतीत एकत्र नाचणारे. "माझ्या बापाशीक कधी कोणी अडवूक नाय, रजू. सगळे दार लावन घेयत. एकान जरी कानाखाली काढली असती..." पण पटलं नाही मला. आजही पटत नाही.

आणि त्यातच ती आरोही. थप्पड बसली तेव्हा ती दाराशीच होती. बापाच्या गालाकडे बघून ती हसली, गं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी तिने श्रेयाच्या तोंडात मारली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी दोघांच्या. मी तुला म्हणाले, "बघ. हे शिकवलंस." तू खिचडी वाढत होतीस. म्हणालीस, "शिकांदे. फुडे उपयोगाक येतला." मला इतका राग आला की मी डबा तुझ्या हातून ओढून घेतला आणि स्वतः वाढायला लागले. पण हेही सांगायला हवं की त्याच आठवड्यात आरोहीने पहिला शब्द उच्चारला. खिचडीच्या ताटलीपुढे बसून, ठसक्यात: "अजून." कोणामुळे? माझ्या हत्तीझाडांमुळे की तुझ्या हातामुळे? तू जाताना मला म्हणालीस, "उद्या सांगतंय तुका." तो उद्या आपल्याला बोलायला मिळालाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सचिन प्यायलेला होता. पायऱ्या चढतानाच शिव्या ऐकू येत होत्या. मुलं चटया गुंडाळत होती. तू दारात गेलीस, दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिलीस. तो म्हणाला, "पोरगी दे." तू म्हणालीस, "नाव घे." आवाजसुद्धा चढवला नाहीस. कशाला म्हणालीस गं? वास मला आतपर्यंत येत होता. नाव घेण्याची गरज काय होती? तो म्हणाला, "तुझ्या बापाचं नाव घेऊ का?" आणि त्याने दाराजवळ उभी असलेली लोखंडी पट्टी उचलली, दाराला आतून आडवी लावायची ती. तू मागे वळून बघितलंही नाहीस. म्हणालीस, "रजू, पोरांक भितर घे."

मी घेतलं. सगळ्यांना मागच्या भिंतीशी नेलं, तोंडं भिंतीकडे करून बसवली आणि हत्तीचं गाणं म्हणायला लागले. मोठ्याने, घसा फाडून. मुलांना वाटलं खेळ आहे, तीही ओरडून म्हणायला लागली. पहिल्या कडव्यात तू त्याला शिव्या देत होतीस. पट्टीचा आवाज येत होता आणि तुझ्या शिव्या येत होत्या. दुसऱ्या कडव्यातही येत होत्या. मग फक्त पट्टीचा आवाज. मी तिसरं कडवं म्हटलं, मंदा. पुढचं येत नव्हतं म्हणून पहिलं पुन्हा म्हटलं.

तू उंबऱ्यावर आडवी पडली होतीस. अर्धी आत, अर्धी बाहेर. त्याला आत यायचं तर तुला ओलांडावं लागलं असतं. तेवढ्यात नळावरच्या बायका ओरडत धावत आल्या, तो पट्टी टाकून पळाला; पोलिसांनी नंतर धरला. आरोहीला तो नेऊ शकला नाही. आणि आरोहीने भिंतीकडे तोंड केलंच नव्हतं. सगळी मुलं गात होती आणि ती एकटी दाराकडे बघत बसली होती.

तुला चादरीत घालून खाली नेलं. त्या पायऱ्यांवर रिक्षाच काय, हातगाडी चढत नाही. चार माणसं, चार टोकं, मी तुझं डोकं धरून. माझ्या दोन्ही हातांत तुझं रक्त आणि आणखी काय काय होतं. वाटेत मी तुला बडबडत होते, शिव्या घालत होते, उठ म्हणत होते. हॉस्पिटलात तू शुद्धीवर आलीच नाहीस. मला वाटत होतं डोळे उघडशील आणि निदान एवढं तरी म्हणशील, तुझाच बरोबर होता गो रजू. किंवा तुझा चूक होता. काहीतरी.

तेव्हापासून मी काय करते विचार. मुलांना 'हात मारायला नसतात' शिकवणारी मी, रोज त्याला मारते. मनात. धुणं आपटताना मारते, नारळ फोडताना मारते. काल पीठ मळताना इतकं ठेचलं की नवरा म्हणाला, अगं, परात फुटेल. मला त्याची बोटं एकेक करून मोडायची आहेत. मला तो त्याच पायऱ्यांवरून घरंगळत खाली जाताना बघायचा आहे. हे मी कोणाला सांगू? तुलाच सांगितलं असतं. तू म्हणाली असतीस, "आता कसा!" आणि चहा टाकला असतास.

तुझा रागही येतो. खूप येतो. माझ्या लेकीच्या बाळंतपणात तू एकटीने अंगणवाडी चालवलीस आणि मला सांगितलंस, सुपरवायझर काय आलीच नाही. आली होती. मला नंतर कळलं, तू तिला चहा-भजी खिलवून, रजेचं कारण म्हणून माझ्या जिवंत सासूला मारून टाकून परत पाठवलं होतंस. अशी खोटारडी, अशी मायेची बाई माझ्याजवळ दारात उभी होती, आणि एका थपडेच्या हौसेपायी तिने मला एकटीला टाकलं. हौसच म्हणते मी. ऐकायला तू नाहीस म्हणून म्हणते.

तर जबाबाचं. पोलिसांना मी त्याच दिवशी जे पाहिलं ते सांगितलं होतं, त्या दुपारपुरतं. पण साक्षीदार उद्या दबावाखाली फिरू नये म्हणून आता बोरीवलीच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटसमोर सगळं नीट सांगायचं होतं, पहिल्यापासून. विनायकने हात जोडले होतेच. आदल्या दिवशी कविता आली. तान्हं कडेवर, आरोही पदराला. दार लावून घेतलं आणि म्हणाली, "बाई, त्या थपडेचं नका ना सांगू. तो सुटला तर पहिली मला मारेल. तुमच्या पाया पडते." आणि खरंच पडली. तिकडे सचिनची आई वस्तीभर सांगत फिरत होती की मंदाबायनेच आधी हात उचलला, माझ्या पोराला चारचौघांत नागवं केलं, पुरुष माणूस, किती सहन करणार?

मी रात्रभर विचार केला असं सांगणार नाही; विचार सकाळी भाजी निवडताना केला. थप्पड काढून टाकायची. बरं. मग तू थप्पड का मारलीस तेही काढावं लागणार. म्हणजे आरोहीची पाठ काढावी लागणार. म्हणजे कोर्टापुढे काय उरलं? एक दारुडा, एक बाई, आणि मूल देण्याघेण्यावरून झालेली बाचाबाची. तू मेलीस ती एका भांडणात, उगाच. आणि आरोहीची पाठ पुन्हा जिन्यावरून पडणार. तुझी केस वाचवण्यासाठी मला तीच पाठ झाकायची होती जिच्यासाठी तू मेलीस. मी मेथीची काडी हातात घेऊन तशीच बसून राहिले.

सांगितलं मी, मंदा. सगळं. मॅजिस्ट्रेट बाई वयाने माझ्या लेकीएवढी. शांतपणे विचारलं, "या घटनेच्या आधी त्यांच्यात काही झालं होतं का?" मी म्हणाले, "हो. मंदाने त्याच्या थोबाडीत मारली होती. माझ्यासमोर." तिने वर बघितलं. "कशामुळे?" मग मी पाठीचं सांगितलं. किती वळ, कुठे, कापड कसं चिकटलं होतं. "तुम्ही स्वतः पाहिलं?" "फ्रॉक मीच वर केला होता." मी हेही सांगितलं की तू त्याला मारायला नको होतंस, असं माझं मत आहे. ती म्हणाली, मत नको, पाहिलेलं सांगा. म्हटलं, बरं.

कविता बाहेर बाकावर बसली होती. माझ्यासोबत कोर्टात येते म्हणून आली होती, मी तिचं ऐकेन या आशेने. मला बघून उठली. "काय सांगितलंत?"

"सगळं."

ती धावून आली अंगावर. आधी दंड धरून हलवलं, मग मुठींनी छातीवर, खांद्यावर, जिथे लागेल तिथे. माझी बांगडी फुटून मनगटात गेली. "मला मारलंत बाई तुम्ही! तो सुटला की पहिली मी! तुम्ही आणि ती मंदाबाय, तुम्हाला काय, तुम्ही मोठ्या झालात!" लोक जमले. माझ्याबरोबर आलेली महिला पोलीस तिला ओढायला लागली. मी म्हणाले, "राहू द्या हो. मारू द्या." तान्हं बाकावर रडत होतं आणि आरोही त्याच्याजवळ उभी राहून आईकडे बघत होती, मान खांद्यात नाही, सरळ. कविताचे हात थकले. ती खाली फरशीवर बसली.

ती पोलीस बाई तशी रांगडी. तिच्याजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "मुलीची आई तूच ना? आता तुलाही बोलावतील. काय सांगशील? पडली म्हणून?"

तान्हं रडून रडून लाल झालं. आरोहीने त्याच्या तोंडात बाटली दिली. मग कविताने पदराने तोंड पुसलं आणि त्या पोलीस बाईकडे न बघता म्हणाली, "ती पडली नव्हती. मी पण कधी पडले नव्हते. कुठे सांगायचं ते दाखवा."

आणि त्या दोघी आत गेल्या.

मंदा, तो सुटेल की आत राहील, मला माहीत नाही. विनायक माझ्याशी बोलत नाही. समोरून आला तर रस्ता बदलतो. खोलीचा उंबरा मी स्वतः घासला, तरी आया अजून मुलं पाठवायला घाबरतात. सकाळी मीच गल्लीगल्लीतून फिरते, दारावर लाथ मारायला मला जमत नाही, मी हाका मारते. आणि मी अजूनही म्हणते, तू त्याला मारायला नको होतंस. मारलं नसतंस तर आज तू असतीस. मारलं नसतंस तर कविता अजून जिन्यावरूनच पडत असती. ही दोन्ही मला एकाच वेळी खरी वाटतात आणि दोन्ही सहन होत नाहीत. तू असतीस तर मालवणीत शिवी हासडून मला एका बाजूला तरी केलं असतंस. भांड ना माझ्याशी.